मायक्रोफिल्म आणि कागदपत्रांचा मोठा स्कॅनर: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मोठ्या क्षमतेचा स्कॅनर दफ्तरात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मिनिटाला किती पाने? माहितीपत्रकातला तो आकडा खोटा नसतो, पण कागद किंवा फिल्म यंत्रातून सरकायला लागणारा वेळ तेवढा तो सांगतो. रीळ ओळखणे, पुसणे, पिना काढणे, चौकटी (फिल्मवरच्या एकेक प्रतिमा) मोजणे आणि शेवटी प्रत्येक बॅच डोळ्यांखालून घालणे यात खरा वेळ जातो. शिवाय वेगवान यंत्र चूकही त्याच वेगाने करते. सकाळी काचेवर बसलेला एक कण संध्याकाळपर्यंत प्रत्येक पानावर रेघ ओढत राहतो आणि ती रेघ कुणाच्या लक्षात आली नाही तर दिवसभराचे काम पुन्हा करावे लागते. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: पहिले रीळ आणि पहिली बॅच अगदी सावकाश करा. ती नीट झाली की वेग वाढवायला हरकत नाही.

मोठ्या कामात सहसा दोन वेगळी यंत्रे असतात: एक मायक्रोफिल्म, म्हणजे कागदांच्या खूप लहान केलेल्या प्रतिमा असलेली रिळातली फिल्म, वाचणारे आणि दुसरे फीडरमधून सुटे कागद ओढणारे. कागदाच्या स्कॅनरची थोडीफार ओळख बहुतेकांना झेरॉक्स यंत्रामुळे असते. फिल्म मात्र अनेकांनी कधी हातात धरलेली नसते, म्हणून इथे फिल्मला जास्त जागा दिली आहे.

हाताशी काय काय हवे

- यंत्राची पुस्तिका, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरचा परवाना
- रिळांची किंवा गठ्ठ्यांची यादी, जुनी असेल तर उत्तमच
- धागे न सुटणारे हातमोजे आणि तसेच कापड
- हवेचा हातपंप
- लाइट बॉक्स, भिंग आणि मिमी खुणांची पट्टी
- रिकामी स्पूल, जोडायला कोरी लीडर फिल्म आणि फिल्मसाठीच बनवलेली जोडपट्टी
- रोलर आणि काच पुसण्यासाठी उत्पादकाने सांगितलेला द्रव
- पिना काढायचा चिमटा, बारकोड छापलेले विभाजक कागद, नाजूक पानांसाठी पारदर्शक कॅरियर शीट
- यूपीएस आणि पुरेशी साठवण
- एक नोंदवही. संगणकावर ठेवा किंवा कागदी, पण यंत्राशेजारी हवी

१. आधी फिल्म ओळखा

रीळ यंत्रावर चढवण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे हे ठाऊक हवे. रुंदी पाहिली की अर्धे काम होते. १६ मिमी फिल्मवर बहुधा कार्यालयीन कागद आणि धनादेश असतात, तर ३५ मिमीवर वर्तमानपत्रे, नकाशे आणि बांधीव खंड. साधारण पोस्टकार्डाएवढ्या, १०५ × १४८ मिमीच्या सपाट तुकड्याला मायक्रोफिश म्हणतात. २४ पट लघुकरण असेल, म्हणजे मूळ पान २४ पटींनी लहान करून टिपलेले असेल, तर त्याच्यावर ९८ चौकटी मावतात. कार्डाच्या खिडकीत ३५ मिमीची एकच चौकट बसवलेली असेल तर ते अॅपर्चर कार्ड, आणि त्यात बहुतेक वेळा अभियांत्रिकी आराखडे असतात. या प्रत्येकासाठी यंत्राचा वेगळा जोड लागतो. तुमच्या यंत्राबरोबर कोणते जोड आले आहेत हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

त्यानंतर फिल्मचा पाया, म्हणजे प्रतिमेचा थर ज्या प्लास्टिकवर असतो ते, तपासा. पूर्ण गुंडाळलेले रीळ बाजूने दिव्याकडे धरा. कडेतून प्रकाश झिरपत असेल तर पाया पॉलिएस्टरचा आहे, आणि कड अपारदर्शक दिसली तर बहुधा अॅसिटेटचा. अॅसिटेट जुने झाले की त्यातून अॅसिटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास येणे हीच त्याची खूण. हा बिघाड स्वतःच स्वतःला वाढवतो आणि सुटलेले आम्ल शेजारच्या रिळांनाही लागते. अशी रिळे लगेच वेगळी ठेवा आणि स्कॅनच्या यादीत सगळ्यात वर घ्या. ती आक्रसलेली आणि वाकलेली असतात, म्हणून ताण कमी आणि वेग मंद ठेवावा लागतो. बिघाड किती पुढे गेला आहे हे मोजायला ए-डी पट्ट्या मिळतात. आम्लाच्या प्रमाणात त्यांचा रंग निळ्यावरून हिरवा आणि मग पिवळा होतो.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या ३५ मिमी फिल्मबाबत आणखी एक शंका मनात ठेवा. ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही असते. थोडा जरी संशय आला तरी ती यंत्रात घालू नका. फिल्म जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडून आधी खात्री करून घ्या.

प्रतिमेचा थर तीन प्रकारचा असतो. मूळ प्रत बहुतेक वेळा सिल्व्हर हॅलाइडची असते आणि तिची एक बाजू मंद, दुसरी चकचकीत दिसते. डायझो प्रत निळसर, जांभळट किंवा काळी असते आणि उजेडात फिकी पडते. व्हेसिक्युलर फिल्म प्रकाश शोषत नाही, विखुरते. त्यामुळे तिची एक्सपोजर सेटिंग बाकीच्यांपेक्षा वेगळी निघते. एकाच डब्यात तिन्ही सापडली तर यादीत तशी नोंद करा आणि प्रत्येक जातीची बॅच वेगळी लावा. मूळ आणि नक्कल दोन्ही उपलब्ध असतील तर जी कमी पिढ्यांची (म्हणजे नकलेवरून नक्कल कमी वेळा झालेली) आणि कमी ओरखड्यांची आहे तिचेच स्कॅन करा. वाचकांच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेलेली नक्कल समोर असते, म्हणून तीच उचलली जाते. मूळ प्रत कुठे आहे हे विचारायला लाजू नका.

शीतगृहातून आणलेले रीळ खोलीत लगेच उघडू नका, त्यावर दव धरते. बंद पिशवीत किंवा डब्यात ठेवूनच ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्याला काही तास, कधी पूर्ण दिवसही लागतो.

२. जागा, वीज आणि संगणक

यंत्राची पेटी उघडल्यावर वीज जोडण्याआधी वाहतुकीसाठी लावलेले स्क्रू, क्लिपा आणि चिकटपट्ट्या शोधून काढा. कॅमेऱ्याचा सरकता भाग बांधलेला असतानाच यंत्र चालू केले तर मोटरवर ताण येतो. काढलेले स्क्रू पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा, यंत्र हलवायची वेळ आली की तेच लागतात.

मेज जड आणि स्थिर हवे. फिल्मवरची प्रतिमा कित्येक पट मोठी होत असल्यामुळे शेजारच्या प्रिंटरचा किंवा पंख्याचा थरकाप अक्षरांच्या कडांवर नागमोडी दिसतो. यंत्रावर थेट ऊन किंवा एसीचा झोत येऊ देऊ नका. हवा फार कोरडी असली की फिल्मवर स्थिर वीज साचते आणि धूळ चिकटते, म्हणून अर्थिंग नीट तपासून घ्या. यूपीएस तर हवाच. रीळ अर्ध्यात असताना वीज गेली तर फाइल जाते, आणि फिल्मला झटका बसतो तो वेगळाच.

ड्रायव्हर आधी टाका, केबल नंतर जोडा. उलटे केले तर संगणक यंत्राला स्वतःचा भलताच ड्रायव्हर लावून मोकळा होतो आणि पुढचा तास तो काढून टाकण्यात जातो. केबल थेट संगणकाला लावा, मध्ये यूएसबी हब नको.

साठवणीचा हिशेब आधीच करून ठेवा. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० बिंदू) ए४ पान म्हणजे २,४८० × ३,५०८ बिंदू. करड्या छटांत, फाइल न दाबता (कॉम्प्रेस न करता), ते सुमारे ८.७ एमबी होते. ३०.५ मीटरच्या १६ मिमी रिळावर २४ पट लघुकरणात अशी सुमारे अडीच हजार पाने बसतात, म्हणजे एका रिळाला सुमारे २२ जीबी. अख्खी फिल्म कडेपासून कडेपर्यंत सलग टिपणारी पद्धत वापरली तर ७,२०० डीपीआयला हाच आकडा ४० जीबीच्या आसपास जातो. गिगाबिट नेटवर्कवरून तेवढे पाठवायला सहा-सात मिनिटे लागतात. म्हणून स्कॅन आधी संगणकातल्या वेगवान एसएसडीवर घ्या आणि रीळ पूर्ण झाल्यावर सर्व्हरवर हलवा. थेट नेटवर्कच्या फोल्डरमध्ये स्कॅन केले तर नेटवर्क क्षणभर अडले तरी काही ओळी गळू शकतात. संगणकाचे झोपी जाणे आणि कामाच्या वेळेतले आपोआप अपडेट बंद करा. अँटिव्हायरसला स्कॅनचे फोल्डर प्रत्येक क्षणी तपासायला लावू नका. हे आयटी विभागाशी बोलून ठरवा, परस्पर करू नका.

३. रीळ चढवणे

हातमोजे घाला आणि फिल्म कडेलाच धरा. रीळ सैल गुंडाळलेले असेल तर टोक ओढून घट्ट करायचा मोह आवरा. तसे ओढले की एक वेटोळे दुसऱ्यावर घासते आणि वेटोळ्यांत अडकलेली धूळ ओरखडे पाडते. हाताने हळूहळू नव्या स्पूलवर गुंडाळा. गुंडाळतानाच फाटलेल्या कडा, जुने जोड, सुकलेली चिकटपट्टी आणि लालसर ठिपके दिसतात. ते रिळाच्या सुरुवातीपासून साधारण किती मीटरवर आहेत हे नोंदवहीत लिहा.

रिळाच्या दोन्ही टोकांना कोरी फिल्म पुरेशी नसेल तर लीडर जोडा. यंत्रातला पूर्ण मार्ग पार करून गुंडाळणाऱ्या स्पूलवर दोन-तीन फेरे बसतील एवढी लांबी लागते. ती नसेल तर पहिल्या काही चौकटी कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत. साध्या सेलोटेपने जोड देऊ नका. त्याचा डिंक उष्णतेने पसरतो आणि पुढच्या रिळांपर्यंत पोचतो.

१६ मिमीच्या स्पूलला बहुधा एका बाजूला चौकोनी आणि दुसऱ्या बाजूला गोल भोक असते, म्हणून ते एकाच दिशेने बसते. फिल्मची मंद बाजू कोणीकडे हवी हे यंत्रावरच्या आकृतीत दाखवलेले असते. अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसली तर सॉफ्टवेअरमध्ये ती सुलटी करता येतात, पण आधी फिल्मच उलटी बसली आहे का ते पाहा. थर चुकीच्या बाजूला असला की फोकसही किंचित ढळतो.

पॉलिएस्टरबाबत एक इशारा. ते सहजासहजी फाटत नाही. फिल्म अडकली तर ती तुटण्याऐवजी यंत्राचा रोलर किंवा शाफ्ट वाकू शकतो. पहिल्या काही रिळांच्या वेळी यंत्राजवळून हलू नका आणि थांबवायचे बटण कुठे आहे हे डोळे मिटूनही सापडले पाहिजे.

४. रिझोल्यूशन ठरवणे

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, कारण दोन वेगवेगळे डीपीआय एकाच नावाने बोलले जातात: एक मूळ कागदाच्या मापाने, दुसरे फिल्मच्या मापाने. कागदाच्या मापाने ३०० डीपीआय हवे असेल आणि लघुकरण २४ पट असेल, तर फिल्मवर ३०० × २४, म्हणजे ७,२०० डीपीआय लागतात. सॉफ्टवेअरमध्ये लघुकरणाचा आकडा चुकीचा भरला तर प्रतिमा दिसायला छान दिसते, पण छापल्यावर पान भलत्याच मापाचे निघते आणि नकाशावरची मोजमापे निरुपयोगी होतात.

लघुकरण डब्यावर किंवा रिळाच्या सुरुवातीच्या माहितीपाटीवर लिहिलेले असते. नसेल तर स्वतः काढा. ज्याचे खरे माप ठाऊक आहे असे पान शोधा आणि लाइट बॉक्सवर त्याच्या प्रतिमेची रुंदी मोजा. ए४ पानाची रुंदी २१० मिमी असते. फिल्मवर ती ८.७५ मिमी भरली तर २१० भागिले ८.७५, म्हणजे २४. रिळाच्या मध्ये लघुकरण बदललेलेही असू शकते, विशेषतः लहान कागदांत मोठा आराखडा आला असेल तिथे. म्हणून एकाच जागी मोजून थांबू नका.

आकडा वाढवत गेल्याने तपशील वाढतोच असे नाही. ७,२०० डीपीआय म्हणजे दर मिमीला सुमारे २८३ बिंदू. एवढ्यात सैद्धांतिकदृष्ट्या दर मिमीला १४१ रेघजोड्या (एक काळी रेघ आणि तिच्याशेजारची पांढरी) टिपता येतात. दोन-तीन पिढ्यांच्या नकलेत तेवढा तपशील उरलेलाच नसतो. त्यापुढे आकडा वाढवला तर फिल्मचा दाणा तेवढा मोठा दिसतो आणि डिस्क भरते. फिल्मच्या सुरुवातीला रेघांचा चाचणी तक्ता असेल तर भिंगातून जो सगळ्यात बारीक गट वेगळा दिसतो तो स्कॅनमध्येही वेगळा दिसायला हवा. तो दिसला की रिझोल्यूशन पुरेसे झाले. यंत्राच्या माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा अनेकदा गणिताने फुगवलेला असतो. तुम्ही ऑप्टिकल रिझोल्यूशनचा, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष टिपते तो, आकडा पाहा.

५. कॅलिब्रेशन आणि पहिले रीळ

दिवा चालू करून यंत्राला स्थिर तापमानाला येऊ द्या, किती वेळ ते पुस्तिकेत दिलेले असते. मग काच आणि दिव्याची खिडकी पुसून, यंत्र सांगेल त्याप्रमाणे फिल्मशिवाय किंवा फिल्मच्या कोऱ्या भागावर कॅलिब्रेशन करा. त्या क्षणी काचेवर धूळ असेल तर यंत्र धुळीलाच पाया धरते आणि पुढे प्रत्येक चौकटीत त्या जागी उजळ पट्टा येतो.

इथे प्रमाणाची जाणीव ठेवा. ०.०७ मिमी जाडीचा एक केस २४ पट मोठा झाला की पानावर १.७ मिमी जाड रेघ होते. या यंत्रांचा कॅमेरा बहुधा एकेक ओळ टिपतो आणि फिल्म त्याच्यासमोरून सरकत असते. त्यामुळे डाग पाहूनच दोष कुठे आहे ते ओळखता येते. फिल्मवरचा कण एकाच चौकटीत दिसतो. काचेवरचा कण रिळाच्या लांबीभर सलग रेघ ओढतो. सलग रेघ दिसली की फिल्म पुसत बसू नका, यंत्र थांबवा आणि काच पुसा.

एक्सपोजर ठरवताना रिळाची सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही जागच्या चौकटी पाहा. चित्रीकरण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी झालेले असते, त्यामुळे पार्श्वभूमीची घनता बदलत जाते. सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकी चौकट दोन्ही वाचता येतील अशी सेटिंग हवी. हिस्टोग्राम (छटांचा आलेख) दोन्ही टोकांना कापला जात नाही ना, हे तपासा. पहिल्या टप्प्यावर नेहमी ८ बिट करड्या छटांत स्कॅन करा. शुद्ध काळे-पांढरे नंतर केव्हाही करता येते, पण गेलेली छटा परत येत नाही. फिल्म निगेटिव्ह असेल, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरे, तर उलटवण्याची सेटिंग लावा. एकाच रिळात दोन्ही जातींचे तुकडे जोडलेले असू शकतात हेही ध्यानात असू द्या.

शेवटी पानाचे प्रमाण तपासा. ए४ची उंची भागिले रुंदी १.४१४ यायला हवी. आकडा फार वेगळा आला तर फिल्म सरकण्याचा वेग आणि कॅमेरा यांची जुळणी बिघडली आहे, प्रतिमा ताणली किंवा दाबली जाते आहे. मात्र त्याआधी ही फिल्म कोणत्या कॅमेऱ्याने काढली होती हे पाहा. रोटरी कॅमेऱ्यात कागद आणि फिल्म दोन्ही एकाच वेळी सरकत. न्यूयॉर्कचे बँकर जॉर्ज मॅकार्थी यांनी १९२०च्या दशकात धनादेश टिपण्यासाठी बनवलेले यंत्र याच पद्धतीचे होते, आणि १९२८ पासून ते कोडॅकच्या रेकोर्डॅक विभागाने बाजारात आणले. अशा फिल्मवर पाने किंचित तिरपी, कमी-जास्त ताणलेली आणि अंतरे असमान असतात. तो दोष चित्रीकरणातलाच आहे, त्यासाठी तुमच्या यंत्राच्या सेटिंग बदलू नका.

६. चौकटी वेगळ्या करणे

सॉफ्टवेअर दोन पानांमधली मोकळी जागा पाहून चौकट कापते. पाने एकमेकांना चिकटून आली किंवा कागदाचा रंग पार्श्वभूमीत मिसळला की ते दोन पानांची एक चौकट करते, नाहीतर पान गाळते. म्हणून निवड करता येत असेल तर अख्खी फिल्म सलग टिपणारी पद्धत घ्या. तिच्यात आधी पूर्ण पट्टी साठवली जाते आणि चौकटी नंतर पडद्यावर कापल्या जातात. एखादे पान सुटले तर रीळ पुन्हा न चढवता ते पट्टीतून काढता येते. सरकत्या फिल्ममधून थेट चौकट उचलणाऱ्या पद्धतीत जे सुटले ते सुटले, आणि सुटल्याचे कळतही नाही.

चौकटींखाली छोटे काळे किंवा पांढरे चौकोन दिसतील, त्यांना ब्लिप म्हणतात. मोठा चौकोन म्हणजे नवी फाइल, लहान म्हणजे पान, अशी त्यांची उतरंड असू शकते. ती वापरली तर फाइली आपोआप वेगळ्या होतात. पण ब्लिपच्या खुणा आणि प्रत्यक्ष चौकटी यांची संख्या जुळते का ते एका रिळावर हाताने मोजून पाहा.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटते. चित्रीकरणाच्या काळी खराब आलेली पाने पुन्हा टिपून रिळाच्या सुरुवातीला किंवा शेवटी जोडायची पद्धत होती. त्यामुळे रिळाच्या शेवटी मधलेच पान क्रमांक दिसले तर ती चूक समजून काढून टाकू नका. ती सुधारित पाने आहेत, आणि त्यांची खरी जागा पान क्रमांकावरून शोधून सूचीत नोंदवायची आहे.

७. कागदाची तयारी

पिना, टाचण्या, क्लिपा आणि सुतळ्या काढा. एकच विसरलेली पिन काचेवर कायमचा ओरखडा पाडते आणि तो पुढच्या प्रत्येक पानावर रेघ होऊन उतरतो. दुमडलेले कोपरे उघडा. चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतील तर पान आधी चिठ्ठीसकट आणि मग चिठ्ठी उचलून, असे दोनदा स्कॅन करा. कागद ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने परत जातील याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर ठेवा.

फीडरमध्ये घालण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून पानांमध्ये हवा खेळू द्या आणि मग कडा मेजावर ठोकून सारख्या करा. पातळ कार्बन प्रती, फाटके आणि ठिसूळ कागद कॅरियर शीटमध्ये घाला किंवा सपाट काचेवर घ्या. बांधीव वही फीडरसाठी फाडू नका, तिच्यासाठी वरून टिपणारा कॅमेरा असतो. दमट कागद एकमेकांना चिकटतात. ते आधी मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

८. फीडरच्या सेटिंग

दोन पाने एकत्र ओढली गेली तर ओळखायला अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. दोन कागदांमधल्या हवेच्या थरामुळे पलीकडे पोचणारा ध्वनी क्षीण होतो आणि यंत्र थांबते. चिकटवलेला फोटो, पाकीट किंवा चिठ्ठी आली तरीही ते थांबते. वारंवार थांबल्याने वैतागून लोक सेन्सरच बंद करतात. तसे कधीही करू नका. अशा पानांची वेगळी बॅच काढा आणि फक्त तिच्यापुरती सेटिंग बदला.

दोन्ही बाजू नेहमी स्कॅन करा. कोरी पाने आपोआप गाळण्याची सोय मोहक असते, पण मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली फिकी नोंद किंवा पुसट शिक्का तिला कोराच वाटतो. मी ती सोय बंदच ठेवते आणि कोरी पाने पडद्यावर पाहून मगच काढते. रंग गाळण्याची सोयही तशीच. छापील तक्त्याच्या लाल रेघा घालवण्यासाठी लाल रंग गाळला की लाल शाईतला शेराही जातो. शिक्के, रंगीत शाई किंवा शेरे असतील तर सरळ रंगीत स्कॅन करा.

फाइली वेगळ्या करायला बारकोडचे विभाजक कागद घाला. बॅच संपली की हाताने मोजलेल्या पानांची आणि प्रतिमांची संख्या ताडून पाहा. संख्या जुळल्याशिवाय पुढची बॅच लावायची नाही.

९. प्रतिमा सुधारताना हात आवरा

तिरपे पान सरळ करणे आणि काळ्या कडा कापणे ठीक आहे. ठिपके काढणारे फिल्टर मात्र देवनागरीचे वैरी आहेत. धुळीचा ठिपका आणि अनुस्वार यांच्यातला फरक त्यांना कळत नाही. नुक्ता जातो, हिशेबातला दशांशबिंदू जातो, आणि पान आधीपेक्षा स्वच्छ दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. काळे-पांढरे करताना उंबरठा, म्हणजे कोणती छटा काळी आणि कोणती पांढरी धरायची ती सीमा, चुकला तर फिकी शिरोरेषा तुटते आणि ओसीआर (प्रतिमेतली अक्षरे वाचून मजकूर बनवणारे सॉफ्टवेअर) अक्षरे तोडून वाचते. म्हणून मूळ स्कॅनवर फिल्टर चालवू नका. जे करायचे ते नकलेवर करा.

फाइल दाबतानाही सावध राहा. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की एका मोठ्या कंपनीची स्कॅन करणारी कार्यालयीन यंत्रे कागदावरचे आकडेच बदलत होती. जेबीआयजी२ पद्धतीत दिसायला सारख्या आकृत्या एकच मानून साठवल्या जात होत्या, त्यामुळे ६च्या जागी ८ येत असे. मूळ प्रत टिफमध्ये, न दाबता किंवा काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने ठेवा. वाचकांसाठी पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफ) बनवा. मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्टसारखे ओसीआर मराठीची भाषा-फाइल घालून चालवता येते, पण हस्ताक्षरासाठी त्याच्यावर विसंबू नका.

१०. तपासणी, नावे आणि साठवण

प्रत्येक रिळाची पहिली आणि शेवटची चौकट, एकूण संख्या आणि सर्व लघुचित्रे पाहा. लघुचित्रांच्या जाळ्यावरून नजर फिरवली की कोरी, अर्धवट कापलेली आणि दोनदा आलेली पाने पटकन टिपता येतात. नंतर काही पाने पूर्ण आकारात उघडून सगळ्यात बारीक अक्षर वाचा. ज्याने स्कॅन केले त्यानेच तपासू नये. आपल्याच कामातला दोष डोळ्यांना दिसत नाही.

फाइलच्या नावात फक्त रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंक वापरा, रिकाम्या जागा सोडू नका. रीळ क्रमांक आणि चौकट क्रमांक आधी शून्ये लावून एकाच लांबीचे ठेवा, नाहीतर दहावे पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. विषय आणि तारीख सूचीत लिहा, नावात कोंबू नका.

रीळ मंजूर झाले की प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या आतल्या माहितीवरून निघणारा ओळख-आकडा) काढून ठेवा. पुढे कधी फाइल बिघडली तर तिच्यावरूनच कळते. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

११. रोजची आणि आठवड्याची निगा

रोज काम सुरू करताना काच, आणि कागदाच्या यंत्रात रोलरही पुसा. रोलर गुळगुळीत झाले की कागद घसरतात आणि दुहेरी ओढ वाढते. रोलर बदलल्यावर सॉफ्टवेअरमधला त्याचा मोजणी आकडा शून्यावर आणा, नाहीतर पुढची सूचना चुकीच्या वेळी येते. फिल्म पुसायला कोरडे कापड किंवा धूळ उचलणारा रोलर पुरेसा असतो. फिल्मची जात ठाऊक असल्याशिवाय द्रव वापरू नका. आठवड्यातून एकदा तेच चाचणी रीळ आणि तेच चाचणी पान स्कॅन करून पहिल्या दिवशीच्या प्रतिमेशेजारी ठेवा. यंत्र हळूहळू बिघडत असेल तर ते इथेच दिसते.

रीळ उतरवल्यावर वेगाने मागे फिरवू नका. सारख्या ताणाने गुंडाळून डब्यात ठेवा, डब्यावर स्कॅनची तारीख लिहा आणि ते आपल्या जागी परत करा. वंशावळीच्या नोंदी जमवणाऱ्या फॅमिलीसर्च या अमेरिकी संस्थेने १९३८ पासून जमवलेल्या २४ लाख रिळांचे डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण केले. तरीही तिची मूळ फिल्म अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ग्रॅनाइट माउंटनच्या भुयारी कोठारात जपून ठेवलेली आहे. तुमच्याकडे कुणी ‘आता स्कॅन झाले, रिळे टाकून द्या’ म्हणाले तर तपासणीची नोंदवही त्यांच्यासमोर ठेवा. ज्या रिळापुढे दुसऱ्या व्यक्तीची सही नाही, त्याचा विषय तिथेच थांबतो. सही असली तरी मूळ प्रत टाकण्याचा निर्णय अभिलेखांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याने लेखी द्यायचा असतो, स्कॅन करणाऱ्याने घ्यायचा नसतो.